मशीनला कुंकू कुणी लावायचं

दुकानात माणूस आला की आधी माझ्या डोक्यावरून आत बघतो. आत दहा फुटी फ्लेक्स मशीन, त्याच्या खाली शाईचे कॅन, भिंतीला टेकवलेले फ्लेक्सचे रोल. आत माणूस कोणी नाही. मग नाइलाजानं त्याची नजर माझ्यावर येते आणि तो विचारतो, "सायेब कुठं गेलं?"

साहेब, म्हणजे आमचे हे, गेले. करोनाच्या दुसऱ्या लाटेत कराडच्या दवाखान्यात गेले ते परत आलेच नाहीत. त्यांचा फोटो काउंटरच्या वर चंदनाच्या हारासकट लावलाय. येणाऱ्याला तो दिसत नाही, आणि समोर उभी असलेली मी तर त्याहून दिसत नाही. सुरुवातीला मी नीट सांगायचे, "ते नाहीत, मीच बघते सगळं." मग माणूस म्हणायचा, "ते ठीक हाय, पन मशीनवर कोन असतं?" मी म्हणायचे, "मीच." त्यावर तो हसायचा. हसायचा बघा! आता मी भिंतीकडं बोट करते आणि म्हणते, "ते काय, वर आहेत. विचारा काय विचारायचंय ते." माणूस वर बघतो, ओशाळतो, आणि मग कुठं बॅनरचं माप सांगायला लागतो.

हे मशीन यांनी सांगलीतल्या एका व्यापाऱ्याकडून जुनं घेतलं होतं. टेम्पोतून ते इथं पाटणला आलं तेव्हा सगळी आळी बघायला आली होती. ते होते तोवर मशीन त्यांचं आणि कॉम्प्युटर माझा. मी फोटो कापायचे, अक्षरं बसवायचे आणि छापून आलेल्या बॅनरला कडेनं रिंगा ठोकायचे. मशीनच्या झाकणाला हात लावला की ते म्हणायचे, "राहू दे गं, शाई लागेल हाताला." प्रेमानंच म्हणायचे. पण त्या प्रेमापायी पुढं माझे काय हाल झाले ते माझं मला माहीत.

ते गेल्यावर महिना उलटला नाही तोवर माझे दीर मशीनला गिऱ्हाईक घेऊन दारात हजर. "वैनी, लोखंड हाय ते, पडून गंजंल. बाईमाणसाचं काम न्हाई." गिऱ्हाईक मशीनभोवती बैल बघितल्यासारखा फिरत होता, वाकून खालून बघत होता, आणि मी आत जाऊन चहा टाकावा अशी दोघांची अपेक्षा. टाकला चहा. कप हातात दिले आणि म्हटलं, "चहा घ्या आणि निघा. मशीन विकायचं नाही." दीर लाल झाले. तेव्हापासून त्यांच्या तोंडी एकच, वैनीचं डोकं फिरलंय.

फिरलं असेल तर फिरू दे. मी मशीन शिकले. कशी शिकले? बिघडवून बिघडवून शिकले. आत एक डबा असतो, त्याला कॅरेज म्हणतात. तो डावीकडून उजवीकडं पळत राहतो आणि त्याच्या पोटाशी हेड असतात. हेडला केसाहून बारीक छिद्रं, त्यातून शाई उडते. रोज सकाळी ते हेड मऊ कापडानं पुसायचं, थोडी शाई वाहू द्यायची, मग एक नमुना छापून सगळ्या रेघा येतात का बघायचं. दोन दिवस मशीन बंद ठेवलं की छिद्रं चोंदतात. पावसाळ्यात कोयनेकडून असलं दमट वारं येतं की छापलेला बॅनर वाळता वाळत नाही. त्यामुळं मी माहेरी गेले तरी दुसऱ्या दिवशी परत. लग्नाला गेले तरी अक्षता टाकून परत. बायका नाकं मुरडतात, एवढं काय त्या मशीनचं म्हणून. माझ्या गोठ्यात दुभती म्हैस असती तर विचारलं असतं का कुणी?

आणि छापते तरी काय मी? पुरुषांची तोंडं. वाढदिवस असो, निवड असो, मयत असो, तोंडं पुरुषांची. वर मोठे पुढारी, मधे मधले पुढारी, खाली ओळीनं शुभेच्छुक. एकदा आमच्याच तालुक्यातल्या एका गावानं ठराव केला, विधवांना सणावारात मान द्यायचा, कुंकू-बांगड्या उतरवायच्या नाहीत. मला बरं वाटलं. बॅनरचं काम माझ्याकडंच आलं. फोटो आले ते सगळे पुरुषांचे. मी फोनवर विचारलं, "एखाद्या बाईचा फोटो नाही का?" तिकडून उत्तर आलं, "बायकांचा काय संबंध?" मी तो बॅनर छापला, धंदा आहे. पण त्या दिवशी रिंगा अशा ठोकल्या की शेजारचा सलूनवाला बघायला आला.

आता खंडेनवमीचं सांगते. दसऱ्याच्या आदल्या दिवशी आमच्याकडं हत्यारं पुजतात. शेतकरी कुदळ-विळा-ट्रॅक्टर पुजतो, फौजी घरात कुणी असलं तर त्याची काठी, पेटी पुजतात, आणि आमच्यासारख्या दुकानदारांनी मशीन. हे होते तोवर पूजा हेच करायचे. ते गेले त्या पहिल्या वर्षी शेजारपाजारचे म्हणाले, "दिराला बोलवा, दोन बोटं लावून जाईल." का म्हणून? रोज ज्याच्या पोटात हात घालते त्याला वर्षातून एकदा मी बोट लावलं तर त्याला काय विटाळ होणार आहे? मी माझ्या हातानं पूजा केली. दर वर्षी करते. माझ्या कपाळाला मी काही लावत नाही. रोज सकाळी कुणाकुणाच्या नजरेला उत्तर देत बसायला मला वेळ नाही, म्हणून सोडलं. माझ्या कपाळाचं सोडा. पण मशीनचं कपाळ माझ्या ताब्यातलं आहे.

आणि मशीनचं कपाळ कुठं असतं ते मला ठाऊक आहे. आदल्या दिवशी सगळं मशीन आतून-बाहेरून साफ करायचं. झेंडूची माळ बाहेरच्या दांडीला. हळदकुंकू लावायचं ते स्टँडच्या पुढच्या पायाला, जमिनीपासून वीतभर वर. आत कणही जाता कामा नये. नारळ फोडायचा तो बाहेर उंबऱ्याशी. उदबत्ती काउंटरवर, मशीनच्या आसपास नाही, कारण शाई पेट घेते. ही माझी पूजा.

गेल्या वर्षीच्या खंडेनवमीला सकाळी मी ताट घेऊन मशीनपुढं उभी होते, तेवढ्यात एक गृहस्थ आत आले. डोक्याला टोपी, हातात पेढ्यांचा पुडा. कोयनानगरच्या वाटेवर, घाटाच्या अलीकडं त्यांचं गाव. हे त्यांना ओळखायचे, त्यामुळं ते मला वैनी म्हणतात. आल्या आल्या पेढा माझ्या हातावर ठेवला.

"वैनी, पोरगी ट्रेनिंग संपवून येतीया. उद्या सकाळच्या गाडीनं. फाट्यावर उतरंल. वर्दीत!"

ती निमलष्करी दलात भरती झाली होती. त्यांच्या गावात घरटी एक जण फौजेत, पण मुलगी कधी गेली नव्हती. ही पहिली. आमच्याकडं पोरगा ट्रेनिंग संपवून पहिल्यांदा गावात येतो तेव्हा हलगी लावून त्याला फाट्यावरून आणतात, आणि फाट्यावर त्याचा हा मोठा बॅनर असतो. गाडीतून उतरताना त्याला पहिलं काय दिसतं, तर त्याचं स्वतःचं तोंड. तोवर ज्याला कुणी विचारलेलं नसतं, त्याला त्या दिवशी कळतं की आपण कुणीतरी आहोत.

"मग गावच्या मंडळानं बॅनर केला असेल की," मी म्हटलं.

"केलाय. कराडातनं आनलाय." त्यांचा चेहरा बदलला. "वर ह्यो, मदी त्यो. माजी पोरगी खाली कोपऱ्यात, टिकलीएवडी. मी म्हनलं, आरं, भरती कोन झालंय? तर म्हनत्यात, नाना, तुमाला काय कळतंय, असंच असतंय." ते थांबले. "मला तिचा एकटीचा पायजे. पंदरा फूट उंच. कुनाचाबी फोटू नगो. माजाबी नगो."

माझ्या अंगावर मूठभर मांस चढलं. आजवर असा बॅनर कुणी मागितला नव्हता. म्हटलं, "नाना, संध्याकाळी घेऊन जा. आजची बाकीची कामं मागं."

इथवर सगळं छान. मग त्यांची नजर माझ्या हातातल्या ताटावर गेली आणि त्यांनी दोन्ही हात पुढं केले. "आवं वैनी, तुमी कशाला? द्या हिकडं, मी लावतो. पोरीचं शुभ काम हाय."

आवाज इतका मऊ होता की भांडायला जागाच नव्हती. शिवी दिली असती तर मी दोन दिल्या असत्या. त्यांच्या मनात काही वाईट नव्हतं, त्यांना वाटलं की मला एका अवघड प्रसंगातून ते सोडवतायत. पेढ्याची चव अजून माझ्या तोंडात होती. त्यांनी ताट घेतलंसुद्धा. माझ्या डोक्यात अशी तिडीक गेली की मी तिथं थांबलेच नाही. वळले, काउंटरवर येऊन त्यांच्या मुलीचा फोटो कॉम्प्युटरवर घेतला आणि पाठ करून बसले. मागं ताटातली वाटी वाजत होती, ते पुटपुटत होते. लावा म्हटलं काय लावायचं ते. उरलेलं हळदकुंकू पोरीसाठी कागदात बांधून खिशात टाकलं आणि निघताना ते हात जोडून म्हणाले, "झाली बगा पूजा."

बॅनर तयार करायला मजा आली. पोरगी वर्दीत, हात पाठीमागं, कॅमेऱ्याला डोळा भिडवून उभी. खाली फक्त गावाचं नाव आणि "स्वागत". दुपारी छापायला लावला आणि पहिला दोन विती फ्लेक्स बाहेर आला. पोरीची टोपी एकीकडं, कपाळ दुसरीकडं, डोळे आणखी तिसरीकडं सरकलेले. मग कॅरेजनं मधेच हिसका दिला, उजव्या टोकाला जाऊन दाणकन आपटला आणि मशीन ओरडायला लागलं. बंद केलं, परत चालू केलं. परत तेच.

कंपनीला फोन लावला. आमचा वर्षाचा देखभालीचा करार आहे. पुण्याहून एक इंजिनियर व्हिडिओवर आला. मी मशीन दाखवलं, आवाज ऐकवला. तो म्हणाला, "मॅडम, सरांना द्या ना जरा फोन."

"सर वर आहेत."

"मग त्यांना खाली बोलवता का? थोडं टेक्निकल आहे."

काय बोलायचं आता याच्याशी? मी फोन उचलून भिंतीवरच्या फोटोपुढं धरला. तो सॉरी म्हणाला. आणि मग, सॉरी म्हणून झाल्यावर, माझं काही न ऐकताच निदान सांगितलं, "हेडचा बोर्ड गेलाय. तुम्ही काही उघडू नका, हात लावू नका. दसरा झाला की माणूस पाठवतो."

"मला उद्या सकाळी बॅनर द्यायचाय."

"मॅडम, एका बॅनरनं काय होतंय?"

फोन ठेवला. एका बॅनरनं काय होतंय! कराडच्या दोन ओळखीच्या दुकानदारांना फोन केले, दोघांकडंही दसऱ्याची झुंबड, दोघंही म्हणाले परवा. परवा काय करू? परवापर्यंत पोरगी फाट्यावर उतरून, त्या मंडळाच्या बॅनरवर कोपऱ्यात स्वतःला शोधून, घरी जाऊन बसलेली असेल. मला ती कधी भेटली नव्हती. पण स्क्रीनवरून ती माझ्याकडं बघत होती, आणि टिकलीएवढं होणं म्हणजे काय ते मला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

मी स्टूल ओढलं आणि मशीनपुढं बसले. आधी नमुना छापला. छिद्रांच्या सगळ्या रेघा आल्या, एकही तुटलेली नाही, फक्त आख्खा नमुना बाजूला सरकलेला. मग बोर्ड कसा गेला? शाई बरोबर उडतेय, रंग बरोबर येतोय. मशीनला फक्त आपण कुठं उभं आहोत ते कळत नाही. आणि ते त्याला सांगते एक पट्टी. मशीनच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत ताणलेली, बोटाएवढी रुंद, काचेसारखी पारदर्शक प्लॅस्टिकची पट्टी. तिच्यावर डोळ्याला न दिसणाऱ्या रेघा असतात. कॅरेज पळताना त्या मोजत जातो. पट्टी मळली की मोजणी चुकते. पण पट्टी मळेल कशी? आदल्याच दिवशी मी ती स्पिरिटनं पुसली होती. म्हणून माझा पहिला संशय तिच्यावर गेलाच नव्हता.

बटण बंद केलं, वरचं झाकण काढलं आणि टॉर्च मारला. पट्टीच्या मधोमध लाल डाग होते. एक नाही, ओळीनं पाच. पहिल्यांदा वाटलं शाई उडाली. आमच्या मशीनमध्ये लाल-गुलाबी डाग जागोजागी असतात, त्याचं काय नवल? कापूस स्पिरिटमध्ये बुडवून एका डागाला टेकवला. कापसावर लाल उतरलं आणि त्याच्या भोवती पिवळी कड पसरली. नाकाशी नेला. शाईचा वास डोक्यात जातो. याला तसला वास नव्हता. याला देवघराचा वास होता.

हळद. कुंकू. पाच बोटं!

मी तिथंच स्टुलावर बसून मोठ्यानं ओरडले. काय ओरडले ते लिहिण्यासारखं नाही. सलूनवाला अर्धी दाढी केलेलं गिऱ्हाईक सोडून धावत आला. त्याला वाटलं शॉक बसला. माझं मशीन, माझी पूजा, माझा हात. आणि केवळ नवरा नाही म्हणून त्या हातातलं ताट काढून ज्यांनी घेतलं, त्यांनी शुभ व्हावं म्हणून त्यांच्याच पोरीचं तोंड फिसकटवलं! हसू का रडू तेच कळेना. मी दोन्ही केलं.

मग पुसायला बसले. ती पट्टी जोरात घासता येत नाही. तिच्यावरच्या रेघा गेल्या तर खेळ खलास, नवी मागवण्यापलीकडं इलाज नाही, आणि नवी यायची दसरा सरल्यावर. मऊ कापूस, दोन थेंब स्पिरिट, डावीकडून उजवीकडं एकच हात, परत मागं न्यायचा नाही. कुंकू ओलं लावलेलं, ते चिकटून वाळलेलं. एकेका डागाला कापूस बदलत राहिले. खाली त्या रेघा वाचणाऱ्या सेन्सरच्या खाचेतही कण पडले होते, ते टोकदार काडीला कापूस गुंडाळून काढले. राग मावत नव्हता. स्वतःला म्हटलं, राग नंतर, आधी काम कर.

झाकण लावलं, बटण दाबलं. कॅरेज हळूच उजवीकडं गेला, टोकाला थांबला, परत जागेवर आला. आपटला नाही. नमुना छापला, रेघा सरळ. मग पोरीचा बॅनर लावला. टोपी आली, टोपीखाली कपाळ, कपाळाखाली डोळे, जिथं असायला पाहिजेत तिथं. उन्हं कलायला लागली तोवर ती गुडघ्यापर्यंत आली होती.

दिवे लागायच्या वेळेला नाना आले. बॅनर पंख्याखाली वाळत पसरला होता. ते पायताण बाहेर काढून आत आले आणि पोरीच्या तोंडाशी उकिडवे बसले. मग उपरण्यानं डोळे पुसले. मला दया यायला पाहिजे होती. नाही आली. मी तो लाल-पिवळा कापूस त्यांच्यापुढं धरला.

"नाना, हे कुठं लावलं होतं तुम्ही?"

ते गोंधळले. "का वो? झाकन उचलून आत लावलं. पाच बोटं. ट्रॅक्टरला बॉनेटवर कोन लावतंय? आमी इंजनाला लावतो. जिथनं काम हुतंय तिथं."

"तिथनंच काम बंद पडलं. दुपारभर बंद होतं. हे तोंड बघताय ना, याचे तीन तुकडे करून बाहेर काढत होतं मशीन." फिसकटलेला तुकडा मी त्यांना दाखवला. त्यांनी तो हातात घेतला आणि त्यांचा चेहरा उतरला. मी थांबायला पाहिजे होतं, पण सकाळपासूनची, खरं तर चार वर्षांची वाफ होती. "मी लावणार होते. पायाला, बाहेर, जिथं दर वर्षी लावते तिथं. तुम्ही माझ्या हातातनं ताट घेतलंत. का घेतलंत? मी लावलं तर तुमच्या पोरीचं अशुभ होईल म्हणून? हा बॅनर कुणी छापला मग? कुणाच्या हातानं झाला?"

ते मान खाली घालून बसले. वाद घातला नाही, माफीही मागितली नाही. इतकंच म्हणाले, "आमच्यात तसंच करत आलेत वैनी." मी म्हटलं, "हो. तेच तर." आणि रिंगा ठोकायला बसले. ते समोर बसून बॅनरचं दुसरं टोक धरून राहिले.

सकाळी मीही त्यांच्या पिकअपमधनं फाट्यावर गेले. बॅनर ताणून बांधायला येत नाही लोकांना, वाऱ्यात फाटतो आणि बोल छपाईला लागतो. मंडळाचा बॅनर रस्त्याच्या त्या बाजूला होता, ओळीनं तोंडं. मी आमचा या बाजूला बांधला. मंडळाची पोरं बघत होती. एक म्हणाला, "नाना, सौजन्य तरी टाकायचं की कुनाचं." नानांनी त्याच्याकडं बघितलंही नाही.

एसटी आली. हलगी सुरू झाली. पोरगी वर्दीत, काळी ट्रंक घेऊन उतरली आणि उतरता उतरता वर बघून तिथंच थबकली. कंडक्टर म्हणाला, "बाई, पुढं व्हा." ती हलेना. मग हलगीच्या आवाजावरून ओरडून तिनं विचारलं, "आबा, ह्यात बाकीची कुठं हायत?"

"कोन बाकीची?" नानाही ओरडले. "ग्राउंडवर पळताना हुतं का कोन तुज्यासंगं? न्हवतं न्हवं? मग फोटूत कशाला पायजेत?"

पोरगी हसली आणि तिला रडू फुटलं, दोन्ही एकदमच. मंडळाची पोरं पुढं झाली, गुलाल उडाला. आईनं ओवाळायला ताट घेतलं, बायका गोळा झाल्या. मी पिकअपला टेकून लांब उभी होते. मला कुणी बोलावलं नाही आणि मी गेले नाही. खोटं कशाला सांगू, वाईट वाटलं. इतक्या वर्षांत सवय व्हायला पाहिजे होती, होत नाही.

गर्दी गावाकडं वळली तसे नाना मागं राहिले आणि माझ्याकडं आले. त्यांनी खिशातून कागदाची पुडी काढली, हळदकुंकवाची, कालचीच. माझ्या हातावर ठेवली. माझ्याकडं बघायचं टाळत म्हणाले, "फुडल्या खंडेनवमीला तुमीच लावा. जागा तुमास्नी ठावं हाय." आणि हलगीच्या मागं चालायला लागले.

चार दिवसांनी कंपनीतून फोन आला. बोर्डाबद्दल सरांशी बोलायचं होतं.

यंदाच्या खंडेनवमीला मी मशीन घासूनपुसून ठेवलं, माळ घातली, ती पुडी उघडून ताट केलं. नेमके त्याच वेळी दीर आले. त्यांना नवी मोटारसायकल पुजायची होती, बॅनरच्या उरलेल्या तुकड्याचं कव्हर पाहिजे होतं. मला ताट घेऊन उभी बघितलं आणि सवयीनं त्यांचा हात पुढं आला. "द्या वैनी, मी लावतो."

मी ताट मागं घेतलं. "भाऊजी, कुठं लावायचं सांगा."

त्यांनी मशीनकडं बघितलं. वर बघितलं, खाली बघितलं, झाकणाकडं बोट नेलं आणि माझ्या तोंडाकडं बघून परत घेतलं.

"मग सरका बाजूला," मी म्हटलं, आणि वाकून मशीनच्या पुढच्या पायाला बोट लावलं.